‘दाब नॉर्मल आहे’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात नारपोलीच्या बाजूला एका यंत्रमाग कारखान्याच्या आवारात डोळे तपासणी शिबिर होते. शुक्रवार असल्यामुळे माग बंद होते, आणि माग बंद असले की भिवंडीत एकदम इतकी शांतता होते की माणसे सवयीने उगीचच मोठ्याने बोलत राहतात. मला पाहुणा म्हणून बोलावले होते. नारळ फोडायचा, चहा घ्यायचा आणि निघायचे, एवढेच काम. पण जुनी सवय जात नाही. मी रांगेजवळ जाऊन उभा राहिलो.

एक तरुण तंत्रज्ञ मुलगी टॉर्चएवढे यंत्र हातात घेऊन प्रत्येकाच्या डोळ्यासमोर धरत होती. टिक, टिक, टिक असा बारीक आवाज सहा वेळा व्हायचा, छोट्या पडद्यावर आकडा उमटायचा, शेजारचा मुलगा तो वहीत लिहायचा आणि रांग पुढे सरकायची. माणशी दोन मिनिटेही लागत नव्हती. डोळ्यात थेंब नाही, आडवे झोपणे नाही. १६ आकडा आलेला एक कामगार बाहेर आला आणि मित्राला म्हणाला, “पास झालो!” दोघे हसले आणि वडापावच्या गाडीकडे गेले.

तो ‘पास’ हा शब्द आठवडाभर माझ्या डोक्यातून गेला नाही. हे यंत्र वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट ते भिवंडीच्या गल्लीगल्लीत फिरले पाहिजे अशा मताचा मी आहे. पण त्या यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या आकड्याला आपण जे ‘पास-नापास’ समजतो, त्यापायी माणसांची नजर जाऊ शकते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून घडले आहे म्हणून सांगतो. ते पुढे येईलच.

आधी दाब म्हणजे काय ते पाहू, कारण दवाखान्यात सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाचा होतो. “डॉक्टर, मला बीपी नाही, मग डोळ्यात दाब कसा?” हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. रक्तदाब वेगळा आणि डोळ्यातला दाब वेगळा. आपला डोळा हा एक बंद गोळा आहे. तो गोल राहावा म्हणून त्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून सतत बाहेर जात असते. रडताना येते ते पाणी हे नव्हे, हे आतले. येणे आणि जाणे सारखे असले की दाब ठीक राहतो. जाळी तुंबली की पाणी साचते, दाब वाढतो आणि मागच्या बाजूला मेंदूकडे जाणारी जी नस आहे ती दबू लागते, वाळू लागते. यालाच काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू निराळा. मोतीबिंदूत भिंग धुरकट होते, ते बदलले की नजर परत येते. काचबिंदूत नस जाते, आणि गेलेली नस जगातला कुठलाही डॉक्टर परत आणू शकत नाही. जे उरले आहे तेवढेच राखता येते.

या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. आपल्या गावात हे समजावणे सोपे जाते. बीमवरच्या हजारो तारांपैकी एखादी तुटली तर कापड पाहून कळत नाही, नजर बसलेल्या कारागिरालाच कळते. डोळ्याचेही तसेच. शेकड्याने तंतू जातात आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण नजर बाजूने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. तो पेपर वाचतो, नोटा मोजतो, सुईत दोरा ओवतो. फक्त बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, पायरी चुकते, उघड्या गटारात पाय जातो. घरचे म्हणतात, वय झाले, धांदरटपणा वाढला. दुखत नाही, लाल होत नाही. दुखले असते तर बरे झाले असते, असे मी अनेकदा म्हणतो.

एक प्रकार मात्र दुखतो, आणि भयंकर दुखतो. काही जणांच्या डोळ्यातला पाण्याचा रस्ता एकाएकी बंद होतो. डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा लाल होतो. पडघ्याकडच्या एका बाईंना असेच झाले, तर दोन दिवस पित्त समजून औषध चालले होते. माझ्याकडे आल्या तेव्हा दाब ५८ होता. पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला घाबरवण्याचा हेतू नाही. पण उलटी आणि एका बाजूची डोकेदुखी यांच्याबरोबर डोळा लाल असेल, तर त्याच रात्री डोळ्याचा दाब मोजलाच पाहिजे.

आता मोजायचा कसा? हातात धरायचे यंत्र ही काही नवी गोष्ट नाही. सर्वांत पहिले यंत्र डॉक्टरांची बोटेच होती. रुग्णाला खाली बघायला सांगायचे, वरच्या पापणीवर दोन्ही हातांच्या तर्जनी ठेवायच्या आणि आळीपाळीने हलकेच दाबून अंदाज घ्यायचा. आमच्या सरांनी शिकवले होते, ओठासारखे लागले तर मऊ, नाकाच्या शेंड्यासारखे लागले तर ठीक, कपाळासारखे लागले तर धोका. यावर आज कुणी विसंबू नये, परंतु गावात काहीच साधन नसेल आणि समोर ५८ दाबाची बाई असेल तर दोन डोळ्यांतला फरक बोटांनाही कळतो. (घरच्या घरी हा प्रयोग कृपया करू नये. डोळे दाबून बघण्याने काही साधत नाही, इजा मात्र होते.)

१९०५ साली नॉर्वेचे डॉक्टर यालमार शॉट्झ यांनी एक छोटे वजनाचे यंत्र तयार केले. आम्ही शिकत असताना ते लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचेत ठेवलेले असे. रुग्णाला झोपवायचे, डोळा बधिर करायचा थेंब घालायचा, यंत्र बुबुळावर उभे धरायचे, काटा किती सरकला ते पाहायचे आणि तक्त्यावरून दाब काढायचा. आपल्याकडच्या कितीतरी शिबिरांत शाळेच्या बाकांवर रुग्णांना झोपवून आम्ही याच यंत्राने दाब मोजले आहेत. स्वस्त, टिकाऊ, बिनविजेचे. दोष त्याचेही होते. डोळ्याची भिंत लवचिक असली की आकडा फसवायचा, आणि दोन रुग्णांच्या मध्ये ते नीट स्वच्छ करणे शिबिराच्या गर्दीत राहून जायचे.

१९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी दुसरी पद्धत आणली. बुबुळावरचा अगदी छोटा गोल भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजायचे. डोळ्यात पिवळा रंग, समोर निळा प्रकाश, आणि डॉक्टर स्लिट लॅम्पमधून बघतात. आजही खात्रीचा दाब म्हणतात तो हाच. पण ते यंत्र टेबलाला जोडलेले. रुग्णाने हनुवटी टेकवून स्थिर बसायला हवे. वाकलेल्या आजीबाई, पॅरालिसिस झालेले गृहस्थ, चार वर्षांचे मूल, यांचे काय करायचे? म्हणून १९६५च्या सुमारास पर्किन्स यांनी तीच पद्धत हातात मावेल अशी केली. नंतर पेनाच्या आकाराचा टोनोपेन आला. आणि २००३ पासून फिनलंडचे आयकेअर नावाचे यंत्र आले, ज्याच्या जातीचे यंत्र मी नारपोलीत पाहिले.

त्याची युक्ती मोठी गमतीदार आहे. यंत्राच्या तोंडाशी टाचणीसारखी बारीक काडी असते, टोकाला प्लॅस्टिकचा गोल मणी. आपल्याकडचे कामगार तिला लगेच ‘कांडी’ म्हणू लागले, आणि मागाची कांडी डोळ्यासमोर असली की दुसरा शब्द सुचणारही नाही. चुंबकाच्या जोराने ही कांडी डोळ्याला किंचित स्पर्श करते आणि मागे येते. चेंडू फरशीवर टाकला तर झटकन उसळतो, गादीवर टाकला तर रेंगाळतो. तसेच हे. डोळा जितका कडक, तितकी कांडी पटकन थांबून परतते. तो वेग मोजून यंत्र दाब सांगते. सहा वेळा मोजून सरासरी देते. स्पर्श इतका हलका आणि क्षणाचा असतो की बधिर करायचा थेंबही लागत नाही. लहान मुले रडत नाहीत. सुरुवातीच्या यंत्रांना रुग्ण बसलेलाच लागे. आता काही मॉडेले अंथरुणावर झोपलेल्या माणसाचाही दाब घेतात. शिकायला अवघड नाही. नेत्रतंत्रज्ञ किंवा प्रशिक्षित परिचारिका ते काम नीट करू शकते. डॉक्टर जिथे रोज पोहोचत नाही तिथे यंत्र पोहोचू शकते, हा त्याचा खरा गुण.

आता माझी चूक सांगतो. २०१६ साली असेच एक शिबिर होते. यंत्र असेच हाती धरायचे, रांग अशीच लांब. एका कारखान्यातला जॉबर, वय ४६, चष्म्यासाठी आला होता. दाब उजवीकडे १७, डावीकडे १८. पुस्तकात १० ते २१ ही नेहमीची मर्यादा दिलेली असते. मी म्हणालो, “दाब नॉर्मल आहे, जवळचा नंबर तेवढा बदला.” त्याच्यामागे दीडशे माणसे उभी होती. मी टॉर्च खाली ठेवली आणि पुढच्याला बोलावले. त्याच्या डोळ्याची नस मी पाहिली नाही.

२०१९ साली तो दवाखान्यात आला तो हाताला प्लॅस्टर घालून. कल्याण नाक्यावर उजवीकडून आलेली हातगाडी त्याला दिसलीच नव्हती. हाड जोडणाऱ्या डॉक्टरांनी चौकशी करून त्याला माझ्याकडे पाठवले. मी नस पाहिली आणि मला बसायला खुर्ची लागली. उजव्या डोळ्याची नस जवळजवळ पांढरी पडली होती, डाव्या डोळ्याची अर्धी पोखरली होती. फील्ड टेस्ट केली तर उजव्या डोळ्याने तो नळीतून पाहावे तसे पाहत होता. इतके नुकसान तीन वर्षांत सुरू होऊन पुरे होत नाही. म्हणजे २०१६ मध्ये, मी ‘नॉर्मल’ म्हणालो तेव्हाच, नस सुकायला लागलेली असणार. त्याची पत्नी बरोबर होती. ती रागावली नाही. नुसते म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर सांगितलं होतं, दाब बरोबर आहे म्हणून.”

मग दाब चुकीचा मोजला गेला होता का? तसेही नाही. त्याच्या बुबुळावरची काच, जिला आम्ही कॉर्निया म्हणतो, पातळ होती. साधारणपणे ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. त्याची ४७८ निघाली. पातळ काचेवर यंत्र टेकले की ती सहज दबते आणि आकडा कमी येतो. जाड काचेवर उलटे. लेसरने चष्म्याचा नंबर घालवून घेतलेल्यांची काचही पातळ होते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरे म्हणजे दाब दिवसभर सारखा नसतो. बऱ्याच जणांचा सकाळी लवकर जास्त असतो. त्याचा मी दुपारी तीनला मोजला होता. आणि तिसरे, काही माणसांच्या नसा मुळातच नाजूक. इतरांना सोसणारा दाब त्यांना सोसत नाही.

हे माझ्या एकट्याच्या रुग्णाचे विशेष नव्हे. चेन्नई परिसरात या शतकाच्या सुरुवातीला घरोघरी जाऊन जी मोठी पाहणी झाली, तिच्यात नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा दाब तपासणीच्या वेळी ‘नॉर्मल’ मर्यादेतच होता. आपल्या महाराष्ट्रात नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ नंतर अशीच पाहणी झाली, ४,७११ माणसांची. तिथे सरासरी दाब १३-१४ च्या आसपास निघाला. म्हणजे २१ ही काही देवाने आखलेली रेघ नाही. १३ ची सवय असलेल्या डोळ्याला १९ सुद्धा जड जाऊ शकतो. आपल्या देशात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा तज्ज्ञांचा २०१० सालचा अंदाज आहे, आणि पाहण्यांत सापडलेल्या दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

उलटाही प्रकार होतो. आकडा उगीच जास्त येतो. माणूस घाबरून श्वास रोखतो, डोळे घट्ट मिटायला बघतो, गळ्याशी शर्टाचे बटण आवळलेले असते, किंवा पापणी उघडी धरताना तपासणाऱ्याचे बोटच डोळ्यावर दाबते. १६ चे २४ होतात. बिचारा घरी जाऊन रात्रभर झोपत नाही. एका सेवानिवृत्त शिक्षकांचा दाब वारंवार वेगळा यायचा म्हणून खोदून विचारले तर ते रोज शीर्षासन करत आणि कधी कधी तसेच उठून दवाखान्यात येत. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे चेन्नईच्याच डॉक्टरांनी २००६ साली मोजून दाखवले आहे. खाली आल्यावर तो उतरतो खरा. पण ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी डोके खाली पाय वर हे आसन करू नये, बाकी योग खुशाल करावा.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, फार आहे. काचबिंदूत आपल्या हातात बदलता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दाब. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की दाब १ ने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. रोज रात्री एक थेंब, एवढ्यावर हजारो लोक आयुष्यभर नजर राखून आहेत. तेव्हा मोजलेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निकाल द्यायचा तो नस पाहून.

भिवंडीत ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक निकडीची का, तेही सांगतो. मागाच्या खोलीत सुताचे तंतू हवेत तरंगत असतात. डोळे चुरचुरतात, लाल होतात. बारा तासांची पाळी सोडून डॉक्टरकडे कोण जाणार? तो मेडिकलच्या दुकानात जातो, “डोळे लाल झालेत, काहीतरी द्या,” म्हणतो, आणि दहापंधरा रुपयांची बाटली घेऊन येतो. दोन थेंबांत डोळे पांढरेशुभ्र! जादूच. त्या जादूचे नाव स्टेरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी नावे बारीक अक्षरात छापलेली असतात. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. योग्य वेळी, थोडे दिवस, देखरेखीखाली दिली तर ती डोळा वाचवतात. पण काही आठवडे सलग घातली तर साधारण तीन माणसांत एकाचा दाब वाढतो, आणि शंभरात पाचेक जणांचा तर फारच वाढतो. लाली गेली म्हणून माणूस खूश, आत नस दबत असते. मी एका विशीतल्या मुलाचा दाब ४४ पाहिला आहे. सव्वा वर्ष तो एकच बाटली पुन्हा पुन्हा आणत होता. दुकानदार चांगला माणूस, ओळखीचा. त्याला वाटे आपण गरिबाचे डॉक्टरचे पैसे वाचवतो आहोत.

असा मुलगा ४० वर्षांवरच्या लोकांसाठी भरवलेल्या शिबिरात कधीच येणार नाही. त्याला शोधायचा तर यंत्र घेऊन मागापाशीच जावे लागेल आणि दाबाच्या आधी विचारावे लागेल, “बाबा रे, डोळ्यात काय घालतोस? बाटली दाखव.” नारपोलीच्या शिबिरात हा प्रश्न कुणी विचारताना मला दिसले नाही.

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, तुझे हे दाबाचे शिबिर म्हणजे पैशाची नासाडी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०२२ मध्ये म्हटले आहे की तक्रार नसलेल्या सर्वांची सरसकट काचबिंदूसाठी तपासणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. मित्रांचा मुद्दा मला अर्धा पटतो. नुसता दाब मोजण्याची शिबिरे बंद झाली तरी माझी हरकत नाही. पण तिथला माणूस चष्म्यासाठी डॉक्टरकडे जातो तेव्हा जाता जाता त्याची नस पाहिली जाते. आपल्याकडे चष्मा रस्त्यावरच्या पाटीवरून घेतात आणि थेंब दुकानातून. शिबिर हीच कित्येकांच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची नेत्रतपासणी. मग ती ‘पास’ म्हणून परत पाठवणारी असावी, की नस बघणारी?

नस बघायला डोंगर उचलावा लागत नाही. एक ऑप्थॅल्मोस्कोप, एक अंधारी खोली किंवा चादरीचा आडोसा, आणि माणशी पाच मिनिटे. तेवढा वेळ नसेल तर तीनशेऐवजी शंभरच माणसे तपासा. बॅनरवर आकडा लहान दिसेल, दिसू दे. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूत त्याने मोठे काम केले. मोतीबिंदूचे यश मोजता येते, पट्टी सोडली की म्हातारी नातवाला ओळखते आणि सगळे टाळ्या वाजवतात. काचबिंदूत टाळी नाही. दहा वर्षांनी माणूस आज दिसते तेवढेच पाहत असेल, हेच यश, आणि त्याचा फोटो काढता येत नाही. संयोजकांचा उत्साह कमी पडतो तो बहुधा इथेच.

आणखी एक गोष्ट यंत्रापुरती. कांडी प्रत्येक माणसाला नवी असली पाहिजे. यंत्र स्वस्त नाही आणि कांड्यांचा खर्च चालूच राहतो, म्हणून ती पुसून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ कशी पसरली ते आठवून पाहा. तपासणीला बसलात तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात संकोच कसला?

आणि आकडा लिहून मागा. कागदावर दोन्ही डोळ्यांचा दाब, तारीख आणि वेळ. ‘नॉर्मल’ हा शब्द घेऊन घरी जाऊ नका. वय ४० च्या पुढे असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल, जाड उणे नंबरचा चष्मा असेल किंवा महिनोन्महिने कुठलेही थेंब घालत असाल, तर विचारा, “डॉक्टर, माझी नस पाहिली का?” या प्रश्नाने कुठलाही चांगला डॉक्टर चिडत नाही. मला २०१६ मध्ये कुणीतरी तो विचारला असता तर फार उपकार झाले असते. थेंब सुरू झाले तर दम्याचा त्रास असल्यास आधी सांगा. काचबिंदूचे टिमोलॉल नावाचे जुने औषध दम्याच्या रुग्णाला चालत नाही, आणि सुताच्या धुळीने धाप लागणारी छाती आपल्या गावात कमी नाही. बाटली संपली म्हणून थेंब बंद करू नका. बरे वाटावे असे त्यात काही नसतेच, त्यामुळे सोडून द्यावेसे वाटते; माझ्याकडचे निम्मे नुकसान अशा सोडून दिलेल्या बाटल्यांमुळे झालेले असते. घरी दाब मोजायची यंत्रेही आता निघाली आहेत, काही वाचकांनी त्याबद्दल विचारले होते. महाग आहेत आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. रोज आकडा पाहून काळजी करत बसण्यापेक्षा रोज थेंब घातलेला बरा.

तो जॉबर अजून येतो. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा आम्ही सहा वर्षांहून अधिक काळ तिथेच धरून ठेवला आहे, दाब आता ११-१२ असतो. मागावरचे काम सुटले. दापोड्याच्या एका गोदामात तो बसून नोंदी लिहितो. हा आजार सख्ख्या भावंडांत असण्याचा संभव जास्त असतो, म्हणून मी त्याला दोन्ही भावांना घेऊन यायला सांगितले होते. मधला आला. दाब १९, कुठल्याही शिबिरात ‘पास’ झाला असता. नस पाहिली तर डावीकडे सुरुवात झालेली होती. थेंब चालू केले. धाकटा शांतीनगरला रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. शुक्रवारी येतो, शुक्रवारी येतो, असे गेले दीड वर्ष चालले आहे. आता मी त्याच्या भावाला सांगून ठेवले आहे, पुढच्या शुक्रवारी दवाखाना बंद करून यंत्र आणि ऑप्थॅल्मोस्कोप घेऊन मीच त्याच्या खोलीवर येतो.